शीगमास्तरांचा शब्द

मी हे लिहावं की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मीच पहिला, आणि गुलबर्ग्याच्या कॉलेजात येऊन मला अजून वर्षही झालेलं नाही. एखाद्या माणसावर लिहायचं तर तो माणूस पुरता कळलेला असावा लागतो, आणि भाषाही हाताशी असावी लागते. माझ्यापाशी दोन्ही थोडंथोडंच आहे. वाचणाऱ्यांनी माझ्या धिटाईला सांभाळून घ्यावं. ज्यांच्यावर लिहितो आहे त्यांच्या हाती हे पान पडलं असतं, तर त्यांनी आधी चुका काढल्या असत्या आणि मग म्हटलं असतं, "लिहिलंस ना बेटा? मग आता थोडं आणखी लिही."

हे "थोडं आणखी" म्हणजेच आमचे मास्तर. देताना शीग लावून द्यायचं आणि घेताना सपाट घ्यायचं, हा त्यांचा नियम बिदर जिल्ह्यातल्या औरादच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होता. ज्यांनी धान्य मापताना पाहिलेलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पायलीचं माप काठोकाठ भरल्यावरही वर धान्याचा जो सुळका उभा राहतो, ती शीग. औरादची पोरं त्यांना शीगमास्तर म्हणत, तोंडावरसुद्धा. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर आणि मशिदीत. मीही इथे शीगमास्तरच म्हणतो.

ते आम्हाला इंग्रजी शिकवायचे. शाळा सुटल्याची घंटा झाली की बाकीचे मास्तर खडू ठेवून टोपी उचलत. आमचे मास्तर पुस्तक मिटून टेबलावर ठेवत, हात झटकत आणि म्हणत, "माप भरलं. आता शीग." मग पुस्तकात नसलेलं काहीतरी सुरू व्हायचं. बिदरच्या किल्ल्यातली माती बिदरी भांड्यांचे कारागीर जिभेवर ठेवून कशी पारखतात, ते मी त्या शिगेत ऐकलं. सीताफळाला तीन भाषांत काय काय म्हणतात, तेही. पोटात कावळे ओरडत असायचे, पण उठून गेलेला मुलगा मला आठवत नाही. दारातून डोकावणारे दुसरे मास्तर हसून म्हणायचे, "सोडा की हो आता, पोरांच्या आया भाकऱ्या झाकून बसल्यात." त्यावर हे म्हणायचे, "झाकलेली भाकरी मऊ होते. चांगलंच आहे."

एके दिवशी शिगेत त्यांनी फळ्यावर एक इंग्रजी शब्द लिहिला, ओव्हरप्लस. आम्हाला वाटलं, पुढच्या धड्यातला असेल. ते म्हणाले, "हा तुमच्या कुठल्याच धड्यात येणार नाही. म्हणून तर शिगेत सांगतो." मग बाकावर एक पाय ठेवून त्यांनी त्या शब्दाची कुळकथा सांगितली. शब्दाचा अर्थ साधा: मापाच्या वर उरलेलं. पण त्यातला पुढचा अर्धा, ओव्हर, हा इंग्रजांच्या घरचा, आणि मागचा अर्धा, प्लस, हा लॅटिनचा, दूरदेशीचा पाहुणा. फ्रेंच लोकांकडे सरप्लस असा आख्खा शब्द होता. जुन्या इंग्रजांनी तो घेतला खरा, पण त्यांच्या तोंडात तो अर्धाच बसला. मग पुढचा अर्धा काढून त्यांनी तिथे आपल्या घरचा लावला आणि पाहुणा तसाच ठेवला. पुढे सरप्लसही आला, आणि दोघे शेकडो वर्षं एका गावात राहिले.

"तुम्ही कागदपत्र म्हणता का नाही?" मास्तर म्हणाले. "कागद आला इराणाकडून. पत्र इथलं. एका पोत्यात बसलेत दोघं. भांडतात का?"

मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "मास्तर, आमच्या घरात भांडायलेत की. आई तेलंगाणातली, बाप हितला."

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. ते म्हणाले, "मग तू पण ओव्हरप्लसच, बेटा. अर्धा घरचा, अर्धा पाहुणा. अशी माणसं मापाच्या वर असतात." त्या मुलाने त्या दिवशी घरी जाऊन आईला काय सांगितलं माहीत नाही, पण पुढे कोणी त्याला तेलंग्या म्हणून चिडवलं की तो हाच शब्द अंगावर फेकायचा.

हा शब्द त्यांना भेटला होता हैदराबादेत, रद्दीवाल्याकडच्या एका कव्हर नसलेल्या कायद्याच्या पुस्तकात. देणेकऱ्याची वस्तू लिलावात विकली आणि देणं वळतं करून घेतलं, की वर जे उरतं तो ओव्हरप्लस. तो घेणाऱ्याने ठेवायचा नाही. वस्तू ज्याची होती त्याला परत करायचा. हे सांगताना मास्तर तळहात पुढे करत आणि म्हणत, "ज्याचं त्याला." पुढे एका सुट्टीत त्यांनी हैदराबादेच्या मोठ्या वाचनालयात जाऊन जाडजूड कोश उघडला. त्यात त्या शब्दापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, की हा आता वापरात नाही.

ती गोष्ट त्यांच्या बायकोकडून ऐकण्यात खरी मजा होती. आम्ही त्यांना चाची म्हणायचो. मी संतपूरचा. शिकायला औरादला आलो तेव्हा मल्लप्पाअण्णांच्या अडत दुकानामागच्या एका खोलीत राहायचो, आणि त्याच अंगणात पलीकडच्या दोन खोल्यांत मास्तर आणि चाची राहायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. चाची चुलीपुढे बसून सांगायच्या, "मी म्हटलं होतं, शहरातून बांगड्या आणा. हे आले रिकाम्या हातानं, तोंड एवढं पाडून. मी घाबरले. म्हटलं, कोण गेलं हो? तर म्हणाले, एक लफ्ज गेला." आणि डोळ्यांना पदर लावून हसायच्या. मास्तर आतून ओरडायचे, "गेला नाही! कोणी बोलत नाही म्हणून मेला म्हणतात. मी बोलतो ना! एक माणूस बोलत असेपर्यंत लफ्ज मरत नाही."

आमचे वडील, ज्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं, ते धान्य घेऊन मल्लप्पाअण्णांच्या दुकानी येत. मुलाला शिकवतात म्हणून दर सुगीला रास मापण्याआधी ते मास्तरांची एक पायली काढत, शीग लावून. आमच्याकडे देवाचं, बलुतेदारांचं आणि मग मास्तरांचं, अशी ती रीतच पडली. मास्तर पायली पुढ्यात घेत, तळहात आडवा धरत आणि काठाबरोबर फिरवून शीग पुन्हा आप्पांच्या पोत्यात पाडत.

"मास्तर, ह्ये कामून करायलात?" आप्पा दर वेळी चिडायचे. "मी काय मोजून द्यायलोय व्हय?"

"माप माझं. ओव्हरप्लस तुमचा. ज्याचं त्याला."

"आन् तुमी पोरास्नी घंटा झाल्यावर शिकवता, ती शीग? ती परत देऊ का सांजच्याला?"

दुकानातली माणसं हसायची. मास्तर मिशीत हसून म्हणायचे, "ती परत देता येत नाही आप्पा, ती पोरांच्या पोटात गेली." आप्पांना ओव्हरप्लस म्हणजे काय ते इंग्रजीत कधी कळलं नाही. पण धान्य मापताना ते तो शब्द बिनचूक वापरू लागले. संतपुरात आजही आमच्या खळ्यावर शिगेला दोन नावं आहेत.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा मी लहान होतो आणि संतपुरातच होतो. त्या दिवसांत मुसलमान घरांवर जे गुदरलं, त्याबद्दल आमच्याकडे मोठी माणसं अजून आवाज उतरवून बोलतात. मी पाहिलेलं नाही, म्हणून ऐकलं तेवढंच लिहितो. मल्लप्पाअण्णांनी मास्तरांना आणि चाचींना दुकानाच्या कोठीत ज्वारीच्या पोत्यांमागे ठेवलं आणि स्वतः दारात बसून राहिले. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, हातात तागडी. कोण आलं, कोण गेलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. चाची एवढंच म्हणायच्या, "पोत्याच्या मागं झोप लागायची हो, ज्वारीच्या वासानं." नंतर चाचींचा भाऊ कराचीला गेला. त्याने यांनाही बोलावलं. मास्तर गेले नाहीत. म्हणाले, "तिकडं मला कोण ओळखतंय? इथं मला पोतीसुद्धा ओळखतात."

आधी उर्दूत चालणारी शाळा पुन्हा उघडली ती मराठी होऊन. मास्तर मराठी बोलायचे आमच्यासारखंच, मधूनमधून दखनी पेरून. पण लिहिता येत नव्हतं. त्यांची सगळी लिखापढी उर्दूत आणि इंग्रजीत झालेली. इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ फळ्यावर लिहायचा झाला, की ते कुणातरी मुलाच्या हाती खडू द्यायचे. मग वरून हुकूम आला, की सरकारी नोकरांनी इथली एक भाषा लिहायला-वाचायला शिकून परीक्षा द्यावी, नाहीतर नोकरी राहणार नाही. कानडी किंवा मराठी, ज्याची त्याने निवडायची.

ती निवड मल्लप्पाअण्णांच्या दुकानात झाली. मी तिथे दिवाबत्तीच्या आधी काही खायला मागायला गेलो होतो. मल्लप्पाअण्णा म्हणत होते, "मास्तर, कानडीची द्या. मी शिकवतो. बिदरच्या कचेरीत सगळा कारभार कानडीतच होणार पुढं. माझं ऐका."

आप्पा पोत्यावरून उठलेच. "कामून? औरादेत कोण कानडी बोलायलंय अण्णा? तुमी घरात कारभारनीसंगं बोलता, तेवढीच. ती बी भांडताना."

"भांडताना बोलतो तीच खरी भाषा असती, आप्पा."

"मग मास्तर चाचीसंगं उर्दूत भांडतेत. त्येची द्यावं का परीक्षा?"

माणसं हसली. मास्तर तागडीचं पारडं बोटाने हलवत होते. मग म्हणाले, "अण्णा, तुमचं बरोबर असेल. पण माझ्या वर्गात बसणारी लेकरं मराठी आहेत. ज्यांना शिकवतो, त्यांच्याच अक्षरात लिहीन. आणि इथंच राहायचं आहे मला. इथलीच द्यायला पाहिजे."

आप्पांना एवढा आनंद झाला, की त्यांनी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. मग आपण कोणाला थाप मारली हे ध्यानात येऊन हात जोडले. मल्लप्पाअण्णांनी तागडी उचलून ठेवली.

त्या पावसाळ्यात मास्तर आमच्या अंगणात बसून मराठी गिरवायचे. जन्मभर उजवीकडून लिहिलेला हात. ते आधी ओळभर शिरोरेघ ओढायचे, तीसुद्धा उजवीकडून डावीकडे, आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगायचे. चाची म्हणायच्या, "धुणं वाळत घातलंय बघा." मल्लप्पाअण्णा चष्मा वर करून म्हणायचे, "ह्ये तर मोडीसारखं झालं. आमचा आजा असंच करायचा, आधी रेघ, मग अक्षर." मास्तर म्हणायचे, "बघा, तुमच्या आजाचा हात माझ्यात आला." ळ त्यांना फार आवडायचा. एवढं गोल अक्षर दुसऱ्या कुठल्या लिपीत नाही, म्हणायचे, आणि नको तिथेही तो काढून बघायचे.

परीक्षेला ते बिदरला गेले, आणि पास झाले. आप्पांनी संतपुरात गूळ वाटला. मी स्वतः पुढे मॅट्रिक झालो तेव्हाही एवढा वाटला नाही. भेटेल त्याला आप्पा सांगायचे, "आमचे मास्तर. मराठी पास. आता कुणाचा बाप हलवत न्हाई त्यास्नी औरादेतून."

त्यानंतरची वर्षं बरी गेली. शिगेत आता फळ्यावर मराठीही यायची, टांगलेल्या अक्षरांत. मी मॅट्रिकला बसलो त्या वर्षी राज्यं भाषेवर वाटली जाणार, हैदराबाद राज्य मोडणार, हे सगळीकडे चाललं होतं. औराद आणि बिदर म्हैसूरकडे, कानडी राज्यात. उदगीर, देगलूर मराठी बाजूला. आम्ही नकाशा पाहिला नव्हता. पण दुकानातली माणसं बोटाने पोत्यावर रेघा ओढून दाखवायची.

उन्हाळ्यात मास्तरांच्या नावे हुकूम आला. इंग्रजीत होता, म्हणून तो वाचून दाखवायला मास्तरच. मल्लप्पाअण्णा, आप्पा आणि मी समोर बसलो होतो. त्यांनी तो आधी मनात वाचला, मग आम्हाला अर्थ सांगितला. म्हैसूरकडे जाणाऱ्या भागात मराठीचे म्हणून धरलेले मास्तर जागांपेक्षा जास्त झाले आहेत. मराठीची परीक्षा दिली म्हणून हेही त्यांच्यात. त्यांना मराठी बाजूला पाठवलं आहे, उदगीरच्या पलीकडे एका खेड्यात.

आप्पांना काही केल्या कळेना. "पर औरादेत तर आमी मराठीच बोलायलोत की!"

"सरप्लस लिहिलंय," मास्तर म्हणाले. त्यांचा अंगठा त्या शब्दावर होता. "नवा शब्द वापरलाय. ओव्हरप्लस लिहिलं असतं, तर ज्याचं त्याला परत द्यावं लागलं असतं त्यांना."

आप्पांनी हे खरंच धरलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीने मल्लप्पाअण्णांना घेऊन ते बिदरच्या कचेरीत गेले. तिथे काय झालं, ते मल्लप्पाअण्णांनी मला फार दिवसांनी सांगितलं. कारकुनाने कागद काढून विचारलं, "यांनी मराठीची परीक्षा दिलीय का?" आप्पा छाती काढून म्हणाले, "दिली तर! पैल्या झटक्यात पास!" कारकून म्हणाला, "तेच तर." आणि कागद बांधून ठेवला. परतीच्या मोटारीत आप्पा मल्लप्पाअण्णांना एवढंच म्हणाले, "अण्णा, तुमी कानडी म्हनत हुता." मल्लप्पाअण्णा म्हणाले, "मी पोत्यामागं दडवलं, तुमी भाषेमागं. दोघांनी जीव लावूनच केलं, आप्पा. मास्तरांची बोळवण करू आता."

मास्तर गेले त्या दिवशी मोटारतळावर शाळेतली पोरं आली होती, सुट्टी असूनही. चाचींनी एक पत्र्याची पेटी आणि कपड्यात गुंडाळलेला चुलीवरचा तवा घेतला होता. बाकी सामान त्यांनी अंगणातल्या बायकांना वाटलं. मास्तर पोरांशी थट्टा करत होते. मोटारीचा भोंगा वाजला, तेव्हा मागच्या बाकावरचा तो तेलंगाणातल्या आईचा मुलगा, आता मिसरूड फुटलेला, म्हणाला, "मास्तर, घंटा झाली. आता शीग." मास्तरांनी तोंड उघडलं. मी त्यांना शिगेत गप्प राहिलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. खिडकीतून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हळू म्हणाले, "कॉलेजात जातोस. लफ्ज बोलत राहा. म्हणजे दोघं होऊ."

म्हणून मी बोललो. इथे कॉलेजात इंग्रजीचा निबंध लिहायला दिला होता, सुगीवर. मी त्यात लिहिलं, की आमच्याकडे धान्य मापल्यावर जो ओव्हरप्लस राहतो तो दिला जातो. प्राध्यापकांनी त्या शब्दावर तांबडी रेघ मारली आणि वर सरप्लस लिहिलं. वर्गात ते प्रेमानेच म्हणाले, की असे मेलेले शब्द कुठून उकरून काढलेस. मुलं हसली. मला उभं राहून सांगायचं होतं, पण माझं इंग्रजी अशा वेळी कच्चं पडतं. तरी मनातून मी खूश होतो. शब्द लिहिला गेला होता, कुणीतरी वाचला होता, आता आम्ही खरोखर दोघं होतो. हे मास्तरांना कळवावं असं फार वाटलं. पण त्या खेड्याचं नाव मला नीट ठाऊक नव्हतं. आप्पांना पत्र घालून विचारावं, ते कोणाकडून तरी वाचून घेतील, असा विचार चालला होता.

त्याच आठवड्यात मल्लप्पाअण्णा व्यापाराच्या कामाने गुलबर्ग्याला आले आणि विचारत विचारत माझ्या खोलीवर पोचले. दिवाळी तोंडावर होती. राज्य मोडायला थोडेच दिवस उरले होते. ते माझ्या खाटेच्या कडेवर बसले, पाणी प्याले, जेवतोस का नीट, विचारलं. मी त्यांना बोलूच दिलं नाही. निबंधाचं सगळं सांगितलं, तांबडी रेघ दाखवली, मास्तरांच्या गावाचं नाव विचारलं. त्यांनी नाव सांगितलं. ते नुकतेच तिकडे जाऊन आले होते. या वर्षी मूग बरा झाला. आप्पांनी नेहमीप्रमाणे रास मापण्याआधी मास्तरांची पायली काढली, शीग लावून, आणि उदगीरच्या बाजाराला निघालेल्या मल्लप्पाअण्णांच्या हाती दिली.

मग त्यांनी पिशवीतून एक लहानसं गाठोडं काढून माझ्यापुढे ठेवलं. जुन्या ओढणीच्या तुकड्यात बांधलेले मूठ-दोन मूठ मूग.

"आप्पाला द्यायला गेलो, तर त्यो घेईना. पोराला दे म्हनला."

मी ते ओळखलं आणि हसू आवरेना. एवढ्या लांब जाऊनही नियम सोडला नव्हता. "परत केली ना शीग?" मी म्हणालो. "अण्णा, मास्तर काही बदलायचे नाहीत."

मल्लप्पाअण्णा हसले नाहीत. त्यांनी गाठोड्याची सुटू पाहणारी गाठ बोटांनी पुन्हा आवळली.

"ह्या खेपेला माप चाचीनं सपाट केलं, लेकरा," ते म्हणाले. "मास्तर पोळ्याच्या आधीच गेले. तापानं. चाचीला लिहिता येत न्हाई, आन् तिथं पत्र लिहून मागावं असं तिला कुणी न्हवतं."